सोडा टँकचं झाड

आमचं गाव आगगाडीतून आलं. थापा नाही मारत. मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर चढवलेली अख्खी घरं, शाळा, दुमजली हॉटेल, सगळं नेव्हाडाच्या वाळवंटात उतरलं. मी सहा वर्षांची होते, आ वासून बघत राहिले. आठवड्याच्या आत गुत्त्यात मारामारीही सुरू झाली! इंजिनांना पाणी लागायचं म्हणून तिथं टाकी होती, आणि टाकी होती म्हणून गाव. नावच सोडा टँक.

टाकी जिथं ठिबकायची, तिथं आईनं माझ्या तान्ह्या भावाला, वेंडेलला पुरलं आणि उशाशी कॉटनवूडचं रोप लावलं. वीस वर्षांत त्याची सावली स्टेशनापर्यंत पोचली. आसपास कुठं दुसरं झाड नव्हतं.

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी नको, म्हणजे आम्हीही नको. टाकी पाडली. घरं पुन्हा वाघिणींवर चढली. आमचंही चढलं, पण आई झाडाखाली खुर्ची टाकून बसून राहिली.

"याला पाणी कोण घालणार?"

"मी," ड्रायव्हर लेफ डर्किन म्हणाला.

"तू? तुझ्या नव्या इंजिनात कॉफीपुरतं तरी पाणी असतं का रे?"

लेफच्या गाडीतून कॅलिफोर्नियाची फळं जायची, बर्फात. तो मागं गेला, बर्फाची एक लादी ओढत आणली आणि बुंध्याशी टाकली. ती सावकाश वितळत राहिली. तेव्हा कुठं आई उठली.

"विसरलास तर याद राख!"

बारा वर्षांनी लेफ वारल्याचं कळलं. "गेलं माझं झाड," आई म्हणाली. "मला तिथं ने."

मोटारीनं पोचलो. गाव नव्हतंच. फुटक्या बाटल्या, चुलीचे दगड आणि हिरवंगार झाड! बुंध्याशी माती ओली होती.

तेवढ्यात मालगाडी आली, हळू झाली. एका अनोळखी माणसानं दारातून बर्फाची लादी ढकलली. ती घसरत झाडाजवळ येऊन थांबली.

"कोणी सांगितलं रे तुला?" आई ओरडली.

"आधीच्या माणसानं! इथं बर्फ टाकायचाच असतो!"

"का, ते माहितीये?"

"नाही बुवा!" हात हलवत तो पुढं गेला.

आई वाकली, लादीला दोन्ही हात लावले आणि मला म्हणाली, "जरा ढकल गं, झाडाकडे. इथं वेंडेलचे पाय आहेत. गारठतील."