एका मशिनमागं चार

२००१ ची दिवाळी तोंडावर आली होती. आकारामने पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि म्हणाला, “कॅसेटवाल्या मशिनी पन्नास पाठवा.”

प्रसेनजीतने हात पुढे करून खटका दाबला आणि फोन मध्येच बंद केला.

“डोकं फिरलंय काय रं?” आकाराम ओरडला.

“माझं न्हाय, तुझं! सीडीवाल्या मागवायचं ठरलंतं न्हवं?”

राजारामपुरीतलं हे व्हिडिओ गेमचं दुकान दोघांच्या भागीदारीतलं. त्यापायी प्रसेनजीतने साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडली होती. दिवाळीचा माल चुकला तर दुकान उठणार, आणि कारखाना काही परत घेणार नव्हता. आकारामच्या पाठीशी ऊस उभा होता. त्याला काय!

“हिशेब कर की,” आकारामने काउंटरवर बोट आपटलं. “कॅसेटवाल्या मशिनी खपल्या चाळीस, कॅसेटी गेल्या एकशेसाठ. एका मशिनमागं चार! तुझ्या सीडीवालीमागं तीनच. मशीन एकदाच खपतंय, खरी कमाई गेमची, हे तूच शिकवलंस मला.”

आपलंच वाक्य आपल्या तोंडावर फेकलेलं पाहून प्रसेनजीतची कानशिलं तापली.

तेवढ्यात कसबा बावड्याच्या चिमणाबाई पिशवीतून कॅसेट काढत आत आल्या. “आकाराम, नातू कटाळलाय ह्येला. दुसरी दे. हे घे वरचे वीस रुपये.”

आकारामने जुनी फळीवर ठेवली, दुसरी दिली आणि छाती काढून वळला. “बघ! मावशींची सातवी!”

“सातवी?” प्रसेनजीत थबकला. “मावशी, घरात किती कॅसेटी हायत?”

“एकच की बाबा. जुनी दिली की दुसरी मिळती. आमची सगळी गल्ली तसंच करती.”

“बदलून दिलेली तू विक्रीत धरलीस?” प्रसेनजीतचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “आरं, त्याच कॅसेटी गावभर फिरून आल्यात! मशिनमागं एक खपली न्हाय धड! सीडी आपण बदलून देत न्हाय, त्या तिन्ही खऱ्या खपल्यात!”

“पैसं येत्यात न्हवं?”

“वीस रुपयं! भाडं तरी निघतंय काय त्यात? लाव फोन, आण तुझ्या कॅसेटवाल्या पन्नास. पर आजपासनं कॅसेट बदलून देणं बंद. पायजे त्यानं इकत घ्यायची!”

चिमणाबाईंनी पिशवी काखेत मारली. “मग कोण यील रं तुमच्या दारात?”

आकारामने रिसीव्हरला हात घातला, पण बदलून दिल्याशिवाय कॅसेटीला गिऱ्हाईक नाही हे मावशींनीच सांगून टाकलं होतं. मग त्याने फोन असा ढकलला की तो काउंटरवरून पडता पडता वाचला. “तूच लाव. बुडालं तर तोंड दावू नगंस.”

प्रसेनजीतने संतापाने रिसीव्हर उचलला. नंबर दोनदा चुकला. पलीकडून आवाज आला तसा तो त्या व्यापाऱ्यावरच खेकसला, “मघाच्या पन्नास न्हाय, वीस! आणि सीडीवाल्याच!”