जगलेल्या अळ्यांचा गुन्हा

रेशीम संशोधन संस्थेच्या चौकशी समितीचा निष्कर्ष असा आहे: ‘ज्या गटाला औषध दिले नव्हते, त्या गटातील अळ्याही निरोगी राहिल्या. यावरून संशोधक विद्यार्थिनीने निष्काळजीपणामुळे औषध दोन्ही गटांत मिसळू दिले, हे निर्विवाद सिद्ध होते.’

मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. पहिल्या वर्षाच्या मुलांना चक्राकार युक्तिवाद समजावताना चांगले उदाहरण मिळत नसे; छापील उदाहरणे इतकी बाळबोध असत की खऱ्या जगात असे कोणी बोलत नसेल, अशी मुलांची समजूत होई. निवृत्तीनंतर हे वाक्य हाती आले, आणि तेही तीन सह्यांनिशी. औषधाविना अळ्या जगल्या. पण औषधाविना त्या जगूच शकत नाहीत. म्हणून त्यांना औषध मिळालेच असले पाहिजे. औषध गुणकारी आहे की नाही, हे पाहण्यासाठीच तो प्रयोग होता. जे तपासायचे तेच आधी खरे धरायचे आणि मग तपासणाऱ्यालाच दोषी ठरवायचे, या पद्धतीने जगातले कोणतेही औषध कधीही हरणार नाही. अंगारासुद्धा हरणार नाही.

ती संशोधक विद्यार्थिनी माझी भाची, थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. तिने काही महिन्यांनी होणाऱ्या सुनावणीच्या दिवशी ‘माझ्याकडून निष्काळजीपणा झाला’ अशा कबुलीवर सही करावी, म्हणजे तिला समज देऊन सोडण्यात येईल. न केल्यास तिची नोंदणी रद्द होईल आणि पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेचे दार तिला उघडणार नाही, असे तिला तोंडी कळवण्यात आले होते. लेखी कळवण्याइतके धैर्य संस्थेपाशी नव्हते.

प्रकरण थोडक्यात सांगते. रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खाऊन वाढतात. त्यांना एक रोग होतो: अळी सुजते, पिवळट पडते, आणि कोष विणण्याआधीच कातडी फुटून तिच्यातून दुधाळ पाणी गळते. संस्थेच्या संचालकांनी या रोगावर एक औषध शोधले होते. पाला धुवायचा, वाळवायचा, त्यावर औषध फवारायचे आणि अळ्यांना घालायचा. संस्थेत दर हंगामात औषधवाल्या अळ्या धडधाकट राहत आणि बिनऔषधाच्या मरत. शोधनिबंध निघाले, सत्कार झाले, संचालकांच्या दालनातल्या कपाटाला मानचिन्हांसाठी आणखी एक फळी बसवावी लागली. औषध सगळीकडे वाटण्याआधी कोणीतरी तोच प्रयोग स्वतंत्रपणे करून पाहावा, असा नियम होता. नियमाची पूर्तता म्हणून ते काम सर्वांत नव्या मुलीला देण्यात आले. तिने प्रयोग केला आणि दोन्ही गट जगले. एकाही मानचिन्हाला ही शक्यता सुचली नव्हती.

अहवाल हाती आला त्या संध्याकाळी ताईच्या घरी जे झाले, त्याला चर्चा म्हणणे धाडसाचे होईल. भावोजींचे मत होते की मोठ्या माणसांच्या वाटेला जाऊ नये. ताईचे मत होते की सही म्हणजे काही जन्मठेप नव्हे. दोन ओळी लिहून मोकळे व्हावे, पुढे लग्नकार्य आहे, चारचौघांत चौकशीचा विषय नको. मी अहवालाची चिरफाड करून दाखवली. भावोजी म्हणाले की तुमचे सगळे बरोबर आहे, पण ते तुमच्या वर्गात. भाची इतका वेळ पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसली होती. मी अहवालाला तिसऱ्यांदा खोटारडा म्हटले, तेव्हा ती बोलली.

“मावशी, तो खोटा आहे हे तुला कसं ठाऊक?”

“म्हणजे? तू औषध मिसळलंस?”

“मिसळलं नाही असं मला वाटतं. पण मला वाटण्याला काय किंमत? सरांनाही वाटतंच आहे की.”

ताईने कपाळाला हात लावला. मुलगी आपलेच वकीलपत्र विरुद्ध बाजूला देते आहे, असा तिचा समज झाला. माझाही क्षणभर झाला. मग ती काय म्हणते आहे ते उमगले आणि मला माझ्या चाळीस वर्षांच्या व्याख्यानांची किंचित लाज वाटली. मी अहवालाचा युक्तिवाद मोडला होता. पण मोडक्या युक्तिवादाचा निष्कर्षही योगायोगाने खरा असू शकतो. ती त्या आरोपाकडे अपमान म्हणून पाहतच नव्हती. तो तिच्या लेखी एक अंदाज होता, आणि अंदाज तपासता येतो.

औषध हातांवाटे, हवेतून, ट्रेंवाटे पसरले असेल, तर जिथे ते औषध कधी आलेच नाही अशा जागी वाढवलेल्या अळ्या मेल्या पाहिजेत. तशी जागा कोणती? माझी मागची खोली. अंडी तिने सरकारी केंद्रातून आणली. पाला मात्र संस्थेच्याच बागेतला, कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर काहीच कळत नाही. तिच्या प्रयोगशाळेला कुलूप घातले होते, पण बागेचे फाटक लावायचे कोणाला सुचले नव्हते. माझे संदर्भग्रंथ व्हरांड्यात गेले आणि त्यांच्या जागी ट्रे आले. ताई बघायला आली, दारातच पदर नाकाला लावून उभी राहिली आणि म्हणाली, “पोरीनं किडे पाळले ते पाळले, तुझ्या वयाला हे शोभतं का?” अळ्या मोठ्या झाल्यावर त्यांच्या खाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, शेजारच्या खोलीत कोणी सावकाश वर्तमानपत्र चुरगाळत असावे तसा.

त्या मेल्या नाहीत. औषधाचा थेंबही नसलेल्या घरात त्या खाऊन खाऊन लठ्ठ झाल्या आणि रीतसर कोष विणू लागल्या.

मी तत्काळ पेढे आणायला निघाले होते. तिने मला अडवले. आरोप खोटा ठरला, पण संस्थेत बिनऔषधाच्या अळ्या दर हंगामात खरोखरच मरत होत्या. ते थोतांड नव्हते. त्या तिथे का मरतात आणि इथे का जगतात, हे सांगता येत नाही तोवर आपल्याला काही कळलेले नाही, असे तिचे म्हणणे. खोली वेगळी असेल, हवा वेगळी असेल. पण तिचा पहिला प्रयोग तर संस्थेच्याच खोलीत झाला होता आणि अळ्या तिथेही जगल्या होत्या. म्हणजे फरक जागेत नव्हता. फरक तिच्या हातात कुठेतरी होता.

पाला धुताना तिला तो सापडला. ती घमेल्यातल्या पाण्याकडे बघत बसली होती. पाणी गढूळ होते. संस्थेत रोगाने मेलेल्या अळ्या आणि त्यांच्या ट्रेंमधला केरकचरा बागेच्या कुंपणापाशी टाकला जाई. तो वाळे, वाऱ्याने उडे आणि तुतीच्या पानांवर बसे. संस्था वर्षानुवर्षे स्वतःच्या बागेवर रोग पेरत होती आणि प्रयोगशाळेत त्यावर इलाज शोधत होती.

“मी दोन्ही गटांचा पाला धुतला,” ती हळूच म्हणाली. “फरक फक्त औषधाचा राहावा म्हणून. त्यांनी?”

संचालकांचे निबंध आम्ही पुन्हा वाचले. औषधवाल्या गटाची कृती अर्धे पान होती: धुणे, वाळवणे, फवारणे. दुसऱ्या गटाविषयी एवढेच: ‘औषध दिले नाही.’ त्या तीन शब्दांत आणखी काय काय दिले नव्हते, याची नोंद नव्हती. काही शेतकऱ्यांना नमुन्यादाखल दिलेल्या औषधाच्या पाकिटावरची पहिली सूचना मात्र ठळक होती: पाला स्वच्छ धुऊन घ्यावा. म्हणजे ज्याच्या ज्याच्या घरी औषध लागू पडले, त्याच्या त्याच्या घरी आधी पाणी लागू पडले असण्याची शक्यता होती. शक्यताच, कारण तिने मला ‘नक्की’ हा शब्द वापरू दिला नाही.

मग तशाच एका पाकिटातले औषध घेऊन चार गट झाले. धुतलेला पाला औषधासह आणि औषधाविना. न धुतलेला पाला औषधासह आणि औषधाविना. जिथे औषध नव्हते तिथे तेवढेच साधे पाणी फवारायचे, म्हणजे ओलेपणाही सारखा. पाला तयार करायचे काम माझ्याकडे आले. मी प्रत्येक ट्रेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. कोणता रंग कशाचा, हे फक्त मला माहीत. अळ्यांना घालणे आणि आजारी-निरोगी ठरवणे तिच्याकडे. मी म्हटले की निदान मला तरी मोजू दे, माझी दृष्टी अजून शाबूत आहे.

“दृष्टी शाबूत आहे, पण तू मला वाचवायला बसली आहेस,” ती म्हणाली. “म्हणून तुझा भरवसा नाही. आणि माझाही नाही. तू रंग सांगायचे नाहीत, मी विचारायचे नाहीत.”

माझ्यावर इतका नम्र अविश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता. अहवालावर सह्या करणाऱ्या तिघांनी एकमेकांवर तो दाखवला असता, तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

निळ्या आणि पिवळ्या दोऱ्यांच्या अळ्या सुजू लागल्या. ती रोज त्यांच्यापाशी वाकून बघे आणि वहीत आकडा लिही. निळ्यात औषध होते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत असे, म्हणजे माझा चेहरा तिला दिसू नये. लाल आणि पांढऱ्या दोऱ्यांच्या अळ्यांनी कोष विणले. पांढऱ्याच्या पाल्याला पाण्याखेरीज काही लागले नव्हते. सर्व संपल्यावर मी रंगांचे गुपित फोडले. तिने एकच विचारले: पुन्हा करू या का? आम्ही पुन्हा केले, दोऱ्यांचे रंग बदलून. तेच आले.

सुनावणीला तिच्यासोबत एका नातेवाइकाला बसायची परवानगी होती. ताई म्हणाली होती की मी येते. ऐन वेळी तिने मला पुढे केले आणि लेकीच्या हातात पाण्याची बाटली दिली. जाताना तिच्या कानाशी पुटपुटली, “सही करू नकोस. काय व्हायचं ते होऊ दे.” ताई अळ्यांना घाबरत होती, पण कोष तिने स्वतः हात लावून पाहिले होते.

लांब टेबलापलीकडे समितीचे तिघे, मधोमध संचालक. म्हणजे ज्यांच्या औषधाची तपासणी होती तेच तपासणीचे न्यायाधीश. कोपऱ्यात टंकलेखिका, नियमानुसार प्रत्येक उच्चारलेला शब्द तिने टिपायचा होता. हा नियम समितीने स्वतःच्या संरक्षणासाठी केला होता. संचालक दुष्ट नव्हते. खलनायक शोधणाऱ्यांची मी निराशा करते. ते प्रेमळ होते, माझ्या भाचीला ‘बेटा’ म्हणत, आणि स्वतःच्या बरोबर असण्यावर त्यांची निखळ श्रद्धा होती. त्यांनी कबुलीचा कागद पुढे सरकवला आणि स्वतःचे पेन उघडून दिले. म्हणाले की चुका सगळ्यांकडून होतात.

तिने पेनाचे टोपण बसवून ते परत केले. एक प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती कौतुकाने दिली. चार गटांचे निकाल पिशवीतच होते. आधी उत्तर घ्यायचे आणि मग निकाल दाखवायचे, हे तिचे ठरलेले; आधी दाखवले असते तर उत्तर बदलले असते.

“सर, ज्या अळ्यांना औषध द्यायचं नव्हतं, त्यांचा पाला तुम्ही धूत होतात का?”

पुढचे थोडक्यात. उत्तर टिपले गेले, मग तिने निकाल टेबलावर मांडले. समितीतल्या एका सदस्याने टंकलेखिकेला मागची ओळ वगळायला सांगितले. तिने वर न बघता नियमाचा क्रमांक सांगितला. भाचीवरील आरोप ‘प्रशासकीय कारणास्तव’ मागे घेण्यात आला. नोंदणी कायम राहिली. औषधाचे वाटप ‘अधिक अभ्यासासाठी’ थांबले. क्षमा कोणी मागितली नाही. मी वाटही पाहत नाही. संस्थेने ती सुनावणी कुठेही प्रसिद्ध केली नाही, म्हणून संचालकांचे उत्तर मी इथे शब्दशः देते. ते हसत हसत, खुर्चीला मागे टेकून म्हणाले:

“अगं बेटा, पाला धुतो तो औषध नीट चिकटावं म्हणून. ज्याच्यावर औषधच मारायचं नाही, तो पाला कोण कशाला धूत बसेल? तो आम्ही आजवर कधीच धुतलेला नाही.”