झाकलेली विहीर

नीरजाला मी पोरगीच मानायची. शहरातल्या गारखेड्याहून स्कुटीवर यायची, माझ्या चुलीपाशी बसून भाकरी खायची. दुष्काळात आमच्या गावची माणसं कशी जगतात, पाणी कसं वाटून घेतात, याचा तिचा अभ्यास. दर साली तेच ते विचारायची. मी म्हणायची, अगं बाई, मागल्या साली सांगितलं की सगळं. तर हसायची. आपा, साल बदललं की उत्तरं बदलतात, म्हणायची.

आमच्या ओढ्याला एक विहीर होती. पाऊसपाणी बरं असलं की ती फरशांनी झाकलेली, वर माती अन् बोरीचे काटे. टँकरबी यायचे बंद झाले की मगच उघडायची, अन् घरटी दोन हंडे, मग हिंदूचं घर असो की आमचं. बाहेरच्या माणसापुढं तिचं नाव काढायचं नाय. माझ्या लेकीचं, लाइबाचं, लग्न होऊन लई वर्षं झाली, तिनं अजून नवऱ्याला सांगितलं नाय. नीरजाला मात्र गावानं बैठक घेऊन दाखवली. इतकी वर्षं येतीय, आपलीच झाली की, असं रामकिसन सरपंच म्हणाला.

अन् त्या बयेनं शहरात जाऊन भाषण ठोकलं. पेपरात बातमी आली, विहिरीच्या फोटोसकट. गावाचं नाव तेवढं बदललेलं. पण मागं आमच्या पिराचा घुमट लख्ख दिसत होता. बन्सी टँकरवाल्यानं तो बरोबर ओळखला. विहिरीशेजारचं वावर घेतलं, बोअर मारले अन् शहरातल्या नव्या कॉलन्यांना पाणी न्यायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही फरशा काढल्या, तर खाली नुसता गाळ. बाया तिथंच बसून रडल्या. माझं तर डोकंच सणकलं.

गाव उठायला लागलं. आमचंबी सामान टेम्पोत चढत होतं, तवा नीरजा आली. लई रडली. आमच्या कामात नाव बदलायचा नियम असतो आपा, मी तो पाळला, म्हणाली.

"नाव बदलून काय केलंस? विहीर तर जागेवरच होती."

तिनं डोळे पुसले, अन् हळूच म्हणाली की अभ्यासाला अजून तीन वर्षं मिळालीत. पाणी गेल्यावर गावाचं काय होतं, ते बघायचंय. म्हणजे आमचा घसा कोरडा पडला अन् हिचं काम वाढलं! असा संताप आला म्हणून सांगू, पण गिळला.

"कुठं राहणार आपा? पत्ता द्या ना, मी येत जाईन."

माझा नवरा शौकत भोळा, सांगायला निघालाच होता. मी डोळ्यानंच त्याला गप केलं अन् शहरात गुलमंडीतल्या एका बोळाचं नाव सांगितलं. घर नंबरबी सांगितला, मनाला येईल तो. तिनं सगळं नीट लिहून घेतलं, माझा हात हातात घेऊन थँक्यू म्हणाली.

आमचा टेम्पो शहराबाहेरच्या वाळूजला निघाला.