अक्षरमहाराजांचं लक्ष्मीयंत्र

गुरुवारी शेळगावात गावपुढारी बापूसाहेबांच्या बंगल्यापुढं उभं राहायला जागा मिळत नसे. जीपा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मोटारसायकली, आणि मधल्या मोकळ्या जागेत नुसती डोकी. बायकांनी देवघरातले टाक पदराखाली झाकून आणलेले. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले हे कुळदेव आमच्याकडं घरोघरी असतात. पण गेल्या संक्रांतीपासून ते देव्हाऱ्यात कमी आणि बंगल्याच्या रांगेतच जास्त दिसू लागले होते.

ओट्यावर चौरंग होता. चौरंगावर लाकडी पाट, पाटावर पिवळं रेशमी वस्त्र आणि त्यामागं अक्षरमहाराज बसलेले. दाढी काळीभोर, आवाज तुपासारखा.

"पेन नाही! शाई नाही! हात रिकामे!" दोन्ही पंजे गर्दीपुढं फिरवत ते म्हणाले. "माणसाची सही माणूस करतो, बालकांनो. देवाची सही कोण करणार? देवच!"

म्हाताऱ्या शकुबाईंचा टाक त्यांनी वस्त्राखाली सरकवला. वर पांढरा कोरा पातळ कागद सगळ्यांना दाखवला आणि तोही आत ठेवला. त्याबरोबर मागच्या दोन शिष्यांनी घंटा अशा बडवायला घेतल्या, की शेजारचा काय बोलतो तेही कळेना. महाराजांचे हात वस्त्राखाली गेले. ते एकदा पुढं झुकले, एकदा मागं आले. घंटा थांबल्या. कागद बाहेर आला आणि कागदावर घोड्यावरचा खंडोबा उमटलेला!

"येळकोट येळकोट!" गर्दी ओरडली. शकुबाई रडत खाली बसल्या. "देव उतरला माझा. कागदावर उतरला."

मी जवळच होते. कागद हातात घेतलेली त्यांची बोटं जांभळट झालेली मला दिसली.

"महाराज, पाटाखाली काय आहे ते बघू द्या," मी म्हणाले.

माझ्या मागून कुणीतरी खेकसलं, "मनिषाबाई, तुमची शाळा बारामतीला. हितं न्हाय."

हशा पिकला. महाराजही हसले. "जिथं शंका, तिथं लक्ष्मी थांबत नाही, ताई," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाईचा टाक घेतला. मी मागं सरले. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला असं हसून उडवून लावणं फार सोपं असतं.

टाकाची ही करामत सगळ्यांसाठी, फुकट. पैसेवाल्यांसाठी आतल्या खोलीत वेगळं दर्शन असे. तेव्हा आमच्या भागात क्रेडिट कार्ड म्हणजे अपूर्वाईची चीज. द्राक्षं मुंबईला पाठवणारे, दवाखाने चालवणारे, मोठे दुकानदार अशा मोजक्या लोकांकडं ते असायचं. महाराज त्यांना सांगत, "पूर्वी लक्ष्मी तिजोरीत राहायची. आता ती प्लास्टिकात आली. तिला जागी करावी लागते." कार्ड पाटावर ठेवलं, की वस्त्राखाली कोऱ्या कागदावर त्यावरचा आकडा आणि मालकाचं नाव आपोआप उमटे. मग महाराज म्हणत, "आता देवीला आपली ओळख द्या." कागद पाटावरच असताना, वस्त्राबाहेर दिसणाऱ्या त्याच्या तळाशी माणूस सही करी, मग कागद घेऊन जाई आणि देव्हाऱ्यात ठेवी.

माझ्या थोरल्या भावानं, मल्हारदादानं, असाच कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. इंदापुरात त्याचं पाण्याच्या मोटारींचं आणि सुट्या भागांचं दुकान. माल आणायला पुण्या-मुंबईला जायचा, तेव्हा रोकड घेऊन फिरायची भीती. म्हणून आमच्या धाकट्या भावानं, रामनं, त्याला कार्ड घ्यायला लावलं होतं. राम पुण्यात एका कंपनीत लेथ मशीनवर काम करायचा.

पुढच्या महिन्यात बँकेचा हिशेब आला आणि दादाच्या दुकानातून मला शाळेत फोन आला.

"मनिषा, मुंबईत कुणीतरी माझ्या कार्डावर टीव्ही घेतल्यात. सोनं घेतलंय. मी तर म्हैनाभर दुकान सोडलं न्हाय. कार्ड माझ्या पाकिटात हाय, हे बघ, हातात हाय."

"बँकेला कळव, दादा. आत्ता, लगेच."

"बँकेला काय कळवू? कार्डाची गोष्ट ठाऊक असणारा एकच हाय."

मला कळेना तो कुणाबद्दल बोलतोय. तो रामबद्दल बोलतोय हे कळलं तेव्हा मी म्हणाले, "वेडा झालास का?" पण फोन बंद झाला होता.

बँकेऐवजी दादा गेला महाराजांकडं. महाराजांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि म्हणाले, "चोर लांबचा नाही, मल्हारराव. रक्तातला आहे. शहरात राहतो."

बस. एवढं पुरलं.

शनिवारी राम सुट्टीला घरी आला. मीही बारामतीहून आले होते. वैष्णवीवहिनी भाकरी थापत होत्या. आमचे वडील, आबा, ओसरीवर बसले होते. दादानं रामला चप्पलही काढू दिली नाही.

"टीव्ही कुणाच्या घरी ठिवलास?"

रामला वाटलं थट्टा आहे. "कुठला टीव्ही?"

"महाराजांनी सांगितलंय मला. समदं दिसतं त्यांना."

राम आधी हसला. मग त्यानं दादाच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "तू मला चोर म्हणतोयस?"

"मी न्हाय म्हनत. देव म्हनतो."

"मल्हार!" आबा ओरडले. तरुणपणी मेंढपाळांच्या देवाचं, बिरदेवाचं नाव घेत मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेला तो माणूस, पण त्यांचा आवाज असा चिरकलेला मी कधी ऐकला नव्हता. "माज्या घरात पोराला चोर म्हनतोस? बिरदेवाच्या पोराला?"

राम वळला. आल्या पावली हमरस्त्याकडं चालायला लागला. मी डाळजच्या बस थांब्यापर्यंत त्याच्या मागं गेले, पण तो पुण्याच्या बसमध्ये चढला आणि त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

आबांनी जेवण टाकलं. दादा दुकानात बसे, पण गिऱ्हाइकाला उलट उत्तरं देई. मी शाळेत फळ्यावर आकृती काढायची आणि मुलं सांगायची, "बाई, चुकलं." माझं कशातच लक्ष लागेना. दादानं चूक केली होती हे खरं, पण मुंबईत खरेदी झाली होती हेही खरं. कार्ड पाकिटात असताना ते मुंबईला गेलं कसं? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि ते मिळेपर्यंत राम चोरच राहणार होता.

पुढच्या रविवारी मी पुण्याला गेले. रामनं खोलीचं दार उघडलं, चहा केला, पण कार्डाचं नाव काढू दिलं नाही. "त्याला वाटतं ते वाटू दे, ताई," एवढंच म्हणाला.

परतीच्या बसला वेळ होता. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी एका चपलांच्या दुकानात शिरले. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं पैशांऐवजी कार्ड दिलं. दुकानदारानं काउंटरखालून एक चपटं यंत्र काढलं. त्यात कार्ड ठेवलं, कार्डावर पावती ठेवली आणि वरची मूठ धरून रूळ सरकवला. एकदा पुढं, एकदा मागं. खर्रर्र. पावतीवर कार्डाचा आकडा आणि नाव जांभळ्या शाईत उमटलं. गिऱ्हाइकानं खाली सही केली.

मी तिथंच उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढं पुढं झुकणारे, मागं येणारे महाराज आले. शकुबाईंची जांभळी बोटं आली. आणि घंटा कशासाठी बडवतात तेही कळलं. या खर्रर्रसाठी!

"बाई, चप्पल दाखवू ना?" दुकानदार विचारत होता.

"आधी मला सांगा, ही पावती घेऊन तुम्ही काय करता?"

तो म्हणाला, "बँकेत भरतो. नंबर असतो, नाव असतं, सही असते. बँक आम्हाला पैसे देते आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करते."

"आणि रकमेचा आकडा?"

"तो आम्हीच लिहितो की."

मी तशीच तुटक्या चपलेनं बस गाठली आणि थेट दादाच्या घरी गेले. दादा ऐकायलाच तयार नव्हता. "म्हंजे मी येडा? बापूसाहेब येडे? एवढे डॉक्टर लोक सह्या करत्यात, ते बी येडे?"

मी वाद घातला नाही. वहिनींकडून देव्हाऱ्यातला टाक मागितला, दुकानाच्या पावतीपुस्तकातला कार्बन घेतला. जमिनीवर टाक ठेवला. त्यावर कोरा कागद, त्यावर कार्बन शाईची बाजू वर करून, त्यावर पातळ कागद. मग वहिनींचं लाटणं घेतलं आणि जोर लावून फिरवलं. वरचा कागद उचलला. खंडोबा घोड्यासकट उमटला होता.

वहिनी म्हणाल्या, "अगं बाई. माझ्या लाटण्यानं?"

आबा उठून आले. त्यांनी तो कागद उलटसुलट केला, पाठीमागची शाई बोटानं पुसून पाहिली आणि दादापुढं धरला. 

"तुझ्या कार्डाखालच्या पाटात यंत्र आहे, दादा," मी म्हणाले. "त्यांचा कार्बन दोन्ही बाजूंनी शाईचा असणार. वरचा कागद तुझ्या देव्हाऱ्यात गेला. खाली दुकानाची पावती होती. तिच्यावर तुझा नंबर उमटला, तुझं नाव उमटलं, आणि वर तू सही केलीस ती कार्बनमधून तिच्यावर गेली. कार्ड कुठंच गेलं नाही. त्याला जायची गरजच नव्हती."

दादानं देव्हाऱ्यातला कागद काढला. पाठ बघितली. तीही जांभळी होती. तो खाली बसला.

"आन् त्यानं मला रामचं नाव सांगितलं," तो हळू म्हणाला. "सोताचं पाप झाकायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यात आधी बँकेला फोन केला आणि कार्ड बंद करायला सांगितलं. तिकडची बाई म्हणाली, खरेदी आपली नाही असं लेखी कळवा, चौकशी होईल, आणि पोलिसांत तक्रार द्या. इंदापूरच्या फौजदारांनी आमचं ऐकून घेतलं. म्हणाले, "बापूसाहेबांच्या बंगल्यात नुसत्या संशयावर कसा शिरू? गुरुवारी माझी माणसं साध्या कपड्यांत पाठवतो. डोळ्यांना काही दिसलं, तर धरतो."

गुरुवारी दादानं गर्दीसमोर महाराजांना दंडवत घातला. "महाराज, चोर दाखवलात. आता आतल्या खोलीत नगं, समद्या गावापुढं माज्या कार्डाला आशीर्वाद द्या."

महाराजांची नजर माझ्यावर गेली. पण समोर हजार डोळे, शेजारी बापूसाहेब मान डोलावतायत. नाही कसं म्हणणार? शिष्यानं पाट आत नेला, तयार करून आणला. कार्ड वस्त्राखाली गेलं. कागद गेला. घंटा सुरू झाल्या. महाराज पुढं झुकले.

मी ओट्यावर पाय ठेवला, तेवढ्यात एका शिष्यानं माझा दंड धरला आणि मागं ढकललं. मी पायरीवर पडले. ते पाहून दादानं दोन्ही हातांनी रेशमी वस्त्र ओढलं.

घंटा थांबल्या, पण वेगात निघालेला महाराजांचा हात थांबला नाही. त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं, खर्रर्र.

पाटाच्या खोबणीत लोखंडी यंत्र होतं. महाराजांच्या मुठीत त्याचा रूळ होता.

"हे... हे यंत्र आहे!" महाराज ओरडले. "लक्ष्मीयंत्र! सिद्ध केलेलं! हात लावाल तर भस्म व्हाल!"

"यंत्रच आहे," मी पायरीवरून म्हणाले. "पुण्यात चपलांच्या दुकानात मी असलंच बघितलंय. तिथला दुकानदार अजून भस्म झालेला नाही."

कुणी हसलं. पण बरेच जण हसले नाहीत. "देवाच्या कामात आडवं येऊ नगा," असं दोघं-तिघं म्हणालेही. दादानं कागद उचलला, कार्बन उचलला आणि खालची पावती वर धरली. त्याचं नाव, त्याचा नंबर. पावतीवर छापलेलं मुंबईतल्या एका दुकानाचं नाव. साध्या कपड्यांतले पोलीस पुढं आले. चौरंगाखालच्या पेटीत तसल्याच पावत्यांची चळत निघाली, सह्यांसकट. बापूसाहेबांनी एक हातात घेतली, चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ती त्यांचीच होती. मग मात्र गर्दी मागं सरली.

मुंबईचा तो दुकानदार नंतर सापडला. तो महाराजांचा मेहुणा. बँकेनं काही लोकांचे पैसे लवकर परत केले, काहींना हेलपाटे घालावे लागले. शकुबाई अजूनही म्हणतात, कार्डाचं खोटं असेल, पण माझा खंडोबा खरा उतरला होता. मी त्यांना लाटणं दाखवलं आहे. पुन्हा दाखवीन.

त्या आठवड्यात दादा मला घेऊन पुण्याला गेला. रामनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"चूक झाली, राम," दादा म्हणाला.

रामनं दार धरूनच ठेवलं. "महाराज म्हनले चोर घरातला हाय, तवा तू त्यांना काय इचारलंस?"

"काय बी न्हाय."

"कशावरनं, येवढं तरी?"

"न्हाय."

"आन् मला?"

दादानं मान खाली घातली. "तुला तर सरळ चोरच म्हनलो."

राम बाजूला झाला. पण त्या दिवशी त्यानं दादासाठी चहा टाकला नाही, माझ्यासाठीच टाकला. दोघांचं बोलणं पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडावी लागली.

म्हणून सांगते. कार्डाचा आकडा हा मंत्र नाही, ती तुमच्या घराची किल्ली आहे. कुणी कितीही गोड बोलला तरी ती त्याच्या वस्त्राखाली सरकवू नका. सही करण्याआधी कागद उचला, खाली काय आहे ते बघा. बँकेचा हिशेब आला की वाचा, आणि ओळखीचा नसलेला खर्च दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवा, बाबाला नाही. आणि डोळे मिटून कुणी तुम्हाला चोराचं नाव सांगू लागला, तर त्याला डोळे उघडायला लावा आणि विचारा, "कशावरून?" खऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

दादानं तो विचारला असता, तर आमचा राम त्या दिवशी उपाशीपोटी बसमध्ये चढला नसता.