बुजवलेल्या फटी

मोतीलालची बोटं आखडली की सगळ्या घराची झोप उडायची. का नाही उडणार? बालाघाटच्या बसस्टँडमागं टिनाच्या छपराखाली त्याची मोटार वाइंडिंगची खोली. थंडीत गव्हाला पाणी सुटलं की खैरलांजी-परसवाड्याकडच्या गावांतल्या पाणीपंपाच्या जळक्या मोटारी तिथं येऊन पडायच्या, आणि नेमकी तेव्हाच बोटं संपावर जायची. बारीक तांब्याची तार चिमटीत धरवत नसे.

"पुढच्या सालापासून बंद करतो दुकान," तो एक दिवस म्हणाला आणि मान खाली घालून बसला.

त्याची पोरगी नूतन शाळेत विज्ञान शिकवायची. बापाचं ते बसणं तिला पाहवेना. दुकान सुटलं की हा माणूस खचणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं थर्मामीटर आणून खोलीत टांगलं. बाहेर सात, आत नऊ! आणि तेही गोरसी पेटलेली असताना. गोरसी म्हणजे मातीचं पसरट भांडं. नूतनची आई कमलाबाई रोज सकाळी त्यात गोवऱ्यांचा विस्तव आणि धानाचा कोंडा भरून नवऱ्याच्या स्टुलाजवळ ठेवायची. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा तिचा नेम.

"बाबा, तुमी साऱ्या बालाघाटाले शेकून राह्यले," नूतन म्हणाली. "ऊब राह्यतेच कुठं इथं?"

"मंग कोंडून ठेव तिले," म्हातारा चिडून म्हणाला.

तिनं खरंच तसं केलं. उदबत्ती पेटवून भिंतीभिंतीनं फिरली. धूर जिकडं ओढला जाई तिकडं खडूनं खूण करी. टीन आणि भिंतीमधल्या जागेत चिंध्या कोंबल्या, फुटक्या खिडकीवर थर्माकोल ठोकलं, वायरींची भोकं सिमेंटनं लिंपली. शेजारच्या महेंद्र पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणून शटरच्या खालच्या कडेला लावली. शाबासकीच द्यावी असं काम, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी काटा एकवीसवर. बोटं सुटली, तारेचे वेढे भराभर पडू लागले.

"तू तं उन्हाळाच आणला व माय!" म्हातारा हसला. वर्षभरात त्याला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मग तो शटर खाली ओढूनच कामाला बसू लागला. गिऱ्हाईक आलं तर ठोकेल की!

मध्येच तो म्हणायचा, "डोकं जड येऊन राह्यलं." नूतन म्हणायची, "चष्म्याचा नंबर बदलला असंन." रविवारी डॉक्टरकडं नेते, म्हणाली. तो रविवार आलाच नाही.

एका ढगाळ सकाळी महेंद्रनं शटर ठोकलं, आतून ओ येईना. तेवढ्यात नूतनही डबा घेऊन पोचली. दोघांनी मिळून शटर उचललं. मोतीलाल टेबलावर डोकं टेकून बसला होता, तार बोटात तशीच. "बाबा, बाबा" करत ती त्याला हलवत राहिली, आणि थोड्याच वेळात तिचंही डोकं गरगरू लागलं. महेंद्रनं तिला ओढून बाहेर काढलं.

डॉक्टर म्हणाला, हार्ट. वय झालं होतं, सगळ्यांना पटलं.

नूतनला पटलं नाही. ऊब कुठून निसटते ते तिनं शोधलं, पण तिथूनच गोरसीचा विषारी वायूही बाहेर जात होता, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आणि ही बाई पोरांना विज्ञान शिकवते! जीभ हासडून टाकावी असं तिला झालं. तरी ती गप्प राहिली, कारण गोरसी आईनं भरून दिलेली होती. आपला गुन्हा कबूल करायचा तर आईलाही त्यात ओढावं लागणार.

तेराव्यानंतर महेंद्र घरी आला, ओट्यावर टेकला.

"नूतनबाई, तुमच्या बाबांची खोली मस्त गरम होती. माह्या खोलीच्या फटी तशाच बुजवून द्या ना. आमी तिथंच झोपतो, लेकरं थंडीनं कुडकुडते."

"नूतन देईन ना करून," कमलाबाई डोळे पुसत म्हणाली. "बापाले शेवटी ऊब तं देल्ली माह्या पोरीनं. अन् आमची गोरसीही घेऊन जा बाबू. आता कोणाले लागते?"

ती उठली, आतून गोरसी आणून महेंद्रच्या हाती द्यायला लागली. नूतननं मध्येच ती हिसकून घेतली.

"नका नेऊ, भाऊ. बाबा हार्टनं नाही गेले. बंद खोलीत या विस्तवाचा वायू कोंडला. फटी मी बुजवल्या. मीच मारलं त्याईले."

महेंद्र ओट्यावरून उठला. कमलाबाई खाली बसली, पोरीच्या हातातली गोरसी तिनं आपल्याकडं ओढून घेतली.

"त्या दिवशी थंडी लय होती," ती हळूच म्हणाली. "मी रोजच्यापेक्षा जास्त भरली होती व."