ताटानं काय पाप केलं?

"निघालं! निघालं!" मांडवातून ओरडा झाला आणि शिरड शहापूरच्या आठवडी बाजारातली माणसं सौदा अर्धा टाकून तिकडं पळाली.

बाजाराच्या तोंडाशीच माझा दवाखाना आहे. त्या दिवशी एकही पेशंट पायरी चढला नाही, सगळे लेपमहाराजांकडे. मग मीही गेले, आणि चांगल्या मनानं मुळीच गेले नाही. आदल्या आठवड्यात शेजारची पोरगी मुन्नी माझ्याकडे रडत आली होती. महाराजांच्या 'प्रसादाच्या मलमा'नं तिचा चेहरा आधी लख्ख झाला, मग लालबुंद होऊन दुप्पट फोडांनी भरला. त्यात स्टेरॉइड कालवलेलं असणार, मी असे चेहरे रोज बघते.

मांडवात महाराज गर्जत होते, "पिंपल म्हंजे काय, माउली? मनातला मळ! पोरगी मनात जे लपवते, ते गालावर उगवते. आमचा लेप हाक मारतो, मळ भाईर येतो. डोळ्यांनी बघा!"

बोटं अंगाऱ्यात बुडवायची, पाण्यासारखा दिसणारा लेप पोरीच्या गालावर फासायचा आणि गोल गोल चोळायचं. लगेच राखाडी कण गळू लागत. जितके कण, तितकं पाप. थोडक्यात, महाराज जितकं जास्त चोळतील तितकी पोरगी जास्त पापी. पोरांच्या पुटकुळ्यांना मात्र त्यांनी 'उष्णता' ठरवलं होतं. पाप फक्त पोरींच्या वाट्याला!

तेवढ्यात शाळेतले क्लार्क मार्तंडराव पुढे आले. मागे नारळाचं ताट धरलेली बायको सुधा, आणि ओढणीनं गाल झाकलेली मुलगी केतकी. केतकी रोज बसनं हिंगोलीच्या कॉलेजला जाते.

महाराजांनी तिचा गाल बराच वेळ चोळला. ओंजळभर कण पडले. गर्दी हळहळली.

"बापा, पोरगी शिकाया जाते का आणखी कशाला?" महाराज हसले. "इतका मळ! हिच्या मनात कुणीतरी बसून राह्यला."

मार्तंडरावांचा चेहरा पडला. "उद्यापासून कॉलेज बंद," ते सगळ्यांदेखत म्हणाले.

खरं सांगते, मला महाराजांपेक्षा त्या बापाचा राग जास्त आला. महाराज पोटासाठी खोटं बोलत होता. हा तर शिकलेला होता, आणि एका पुटकुळीवरून लेकीला दोषी ठरवून मोकळा झाला होता.

मी तोंड उघडणार, तोच केतकीनं गाल पुसला. "आई, नारळ उचल. ताट दे."

"काहून गं?"

"दे ना."

तिनं ताट ओढणीनं लखलखीत पुसलं, अंगाऱ्यात बोटं बुडवली, लेप घेतला आणि ताटावर गोल गोल चोळू लागली. तेच राखाडी कण गळायला लागले.

"ताटानं काय पाप केलं, महाराज?"

कुणीतरी फस्सकन हसलं. महाराज गडबडले, पण असली माणसं गप्प बसत नसतात. "ताटाला हात कुणाचा लागला? या पापी पोरीचा! तिचाच मळ त्यात उतरला."

"व्हय, व्हय," दोन-चार जण पुटपुटले. मार्तंडरावांनीही मान हलवली. मला तिथंच त्यांचे कान उपटावेसे वाटले.

तेव्हा सुधा पुढे झाली. नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवणारी बाई ती. तिनं अंगाऱ्यात आणि लेपात बोटं घातली आणि महाराजांना कळायच्या आत त्यांचाच गाल चोळायला घेतला. कण थेट त्यांच्या भगव्या उपरण्यावर सांडले.

"बाबा, लई मळ निघून राह्यला," ती थंडपणे म्हणाली. "तुमच्या मनात कोण बसलंय?"

मग मात्र हसू आवरेना. महाराज मलमाच्या डब्या गोळा करायला लागले, तेव्हा मी पुढे झाले. एक डबी मी तपासायला ठेवून घेतली आणि गर्दीकडे वळून म्हणाले,

"कणकेचा हात चोळला की वळ्या पडतात ना? हे तेच. हा चिकट लेप घासला की त्याच्याच वळ्या होतात, आणि राखेनं त्या राखाडी दिसतात. गालातून काही निघत नाही. पिंपल मनातून येत नाही हो! वयात येताना शरीरातली संप्रेरकं बदलतात, कातडीखाली तेल जास्त सुटतं, मेलेल्या कातडीनं छिद्रं बुजतात आणि आत जंतू वाढतात. पोरीला होतं तसंच पोरालाही होतं. दिवसातून दोनदा साध्या, सौम्य साबणानं तोंड धुवा. फोडू नका, घासू नका, कुणी दिलेलं मलम फासू नका. औषध डॉक्टरला विचारून घ्या, आणि धीर धरा. गुण यायला काही आठवडे लागतात."

मार्तंडराव जमिनीकडे बघत होते. "चला घरी," ते हळूच म्हणाले.

"आणि कॉलेज?" केतकीनं विचारलं.

सुधानं ताट नवऱ्याच्या हातात दिलं. "तुमी हे धरा. उद्या ती सकाळच्या बसनं जाईल. आन् आधी तिची माफी मागा."

गर्दीसमोर आरोप करताना न लाजलेला माणूस माफी मागताना घाम पुसत होता. पण मागितली.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्या लेकरावर चमत्कार करून दाखवला, तर लेकराकडे संशयानं बघू नका. तोच लेप आधी त्या महाराजाच्या गालाला लावून बघा.