थोरलीचा हट्ट

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईची दारू सुटून काही महिने झाले होते, पण तिच्या दोन्ही मुली अजून मावशीकडेच होत्या. दर आठवड्याला तिघी समुपदेशक ताईंच्या खोलीत भेटायच्या.

भेटली की थोरली आईला अगदी चिकटून बसायची आणि हळूच तिच्या तोंडाचा वास घ्यायची. आईच्या काळजात चर्र व्हायचं. पण बोलणार कोणत्या तोंडाने? ती पिऊन पडलेली असायची तेव्हा या एवढ्याशा पोरीनेच धाकटीला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, शाळेत "आईला ताप आहे" अशा थापा मारल्या होत्या.

एके दिवशी ताई म्हणाल्या, "आज धाकटीची वेणी आई घालेल."

धाकटी उठली आणि सवयीने थोरलीच्याच मांडीत जाऊन बसली. आई कंगवा धरून तशीच राहिली.

"जा की तिच्याकडे," थोरली म्हणाली, पण धाकटीचा दंड काही सोडेना. "तिला येत नाही, ताई. ओढते ती."

पूर्वीची आई फणकारली असती. आज ती नुसती पुढे सरकली. "मग तू शिकव ना मला."

"मुळाशी घट्ट धर. आणि आधी टोकाचा गुंता काढ."

आईने तसंच केलं. धाकटी मजेत गुणगुणत राहिली. रडू फुटलं ते थोरलीला. "आता मी काय करू?"

"काही नको करूस," आई म्हणाली. "बस नुसती."

पुढे मुली रविवारी घरी येऊ लागल्या. एका दुपारी थोरलीने ताट ढकललं. "मला नको ही भाजी! घाणेरडी आहे!" पाय आपटत ती आत गेली आणि दार धाडकन लावून घेतलं.

आईला बाटलीची आठवण झालीच. तिने ताईंना फोन लावला. "ऐकतच नाही हो. नुसता हट्ट चाललाय."

"याआधी कधी केला होता हट्ट?"

आईने आठवून पाहिलं. एकदाही नाही. हट्ट करायला समोर आई शुद्धीत तर हवी!

तिने फोन ठेवला आणि दारापाशी भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळाने आतून घुश्शातला आवाज आला, "भूक लागलीये."

"ताट झाकून ठेवलंय. भाजी तीच आहे," आई म्हणाली. "ये बाहेर."